‘किंवा अपस्मार’ : विवाह कायद्यातील दोन शब्दांचा इतिहास

१/२६
१९७१ मध्ये ब्रिटनच्या संसदेने आपल्या विवाहविषयक कायद्यातून दोन शब्द वगळले : ‘किंवा अपस्मार’. अवघ्या पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, भारताच्या संसदेने नेमके तेच दोन शब्द हिंदू विवाह कायद्यात घातले. ते निघायला १९९९ साल उजाडले. हे शब्द कायद्यात आले कुठून आणि ते पुसण्यासाठी बुडापेस्टपासून मुंबईपर्यंत कोण झगडले, त्याची ही कहाणी. #थ्रेड #इतिहास

२/२६
अपस्मार, फेफरे, मिरगी, फिट. एकाच आजाराची ही नावे. मेंदूतील चेतापेशींमध्ये अचानक, प्रमाणाबाहेर विद्युत्‌प्रवाह उसळतो आणि झटका येतो. कुणी कोसळते, कुणाचे अंग आखडते, कुणी काही क्षण नुसते शून्यात पाहत राहते. बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात. आज जगात सुमारे ५ कोटी लोक हा आजार घेऊन जगत आहेत आणि त्यांतील सुमारे ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात.

३/२६
‘स्मृतीचा लोप’ हा ‘अपस्मार’ या शब्दाचा अर्थ. चरकसंहितेत निदानस्थान आणि चिकित्सास्थान या दोन्ही ठिकाणी त्यावर स्वतंत्र अध्याय आहेत. म्हणजे प्राचीन वैद्यांच्या लेखी ही कारणे शोधण्याजोगी, उपचार करण्याजोगी व्याधी होती. शिल्पात मात्र अपस्मार निराळाच भेटतो : नटराजाच्या पायाखाली दडपलेला तो खुजा पुरुष अपस्मारच. एकीकडे रोगी, दुसरीकडे पायदळी तुडवायचा असुर. समाजाची नजर पुढची कित्येक शतके या दोन प्रतिमांमध्येच घुटमळत राहिली.

४/२६
ग्रीसमध्ये या आजाराला ‘पवित्र रोग’ म्हणत. इ. स. पू. ४०० च्या सुमारास हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रंथकाराने या नावावरच हल्ला चढवला. हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे आणि त्याला दैवी ठरवणारे मांत्रिक आपले अज्ञान झाकत आहेत, असे त्याने लिहिले. तरीही रोममध्ये सभेत कुणाला झटका आला, तर तो अपशकुन समजून सभा तहकूब होई. त्यावरून तिथे या आजाराचे नावच ‘सभेचा रोग’ पडले.

५/२६
पहिले खरोखर परिणामकारक औषध सापडायला १८५७ साल यावे लागले. राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ सर चार्ल्स लोकॉक यांनी लंडनच्या वैद्यकीय सभेत पोटॅशियम ब्रोमाइडचा अनुभव मांडला. गंमत अशी, की औषध लागू पडले पण त्यामागचा तर्क चुकीचा होता. स्त्रियांमधील काही झटक्यांचा संबंध मासिक पाळीशी आणि कामवासनेशी आहे, आणि ब्रोमाइड ती वासना शमवते, अशी तेव्हाची समजूत होती. विज्ञान पुढे सरकले, तेही रुग्णाच्या चारित्र्यावर बोट ठेवत.

६/२६
१८६० मध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथे ‘पक्षाघात व अपस्मार’ यांसाठीचे रुग्णालय सुरू झाले. तिथेच जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकेका रुग्णाचे झटके बारकाईने न्याहाळले : आधी कोणता अवयव हलतो, मग कोणता. १८७३ मध्ये त्यांनी व्याख्या केली, की मेंदूच्या करड्या द्रव्यातील अधूनमधून होणारे आकस्मिक, अतिरिक्त, जलद आणि स्थानिक विसर्जन म्हणजे अपस्मार. आजची व्याख्याही याच पायावर उभी आहे. भुताखेतांना आता वैद्यकशास्त्रात जागा उरली नव्हती.

७/२६
समाजात मात्र रुग्णालाच जागा नव्हती. शाळा प्रवेश देत नसत, कारखाने कामावर घेत नसत, आणि अनेकांची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात किंवा अनाथगृहात होई. त्यावर युरोपने शोधलेला तोडगा म्हणजे ‘वसाहत’. जर्मनीत बीलेफेल्डजवळ १८६७ मध्ये बेथेल, इंग्लंडमध्ये १८९४ साली चाल्फंट, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १८९६ साली क्रेग कॉलनी. गावाबाहेर मोकळी हवा, शेती, सुतारकाम, औषध आणि नियमित दिनक्रम.

८/२६
या वसाहतींकडे दोन बाजूंनी पाहावे लागते. चाल्फंट उभारणाऱ्या संस्थेचा मूळ हेतू रुग्णांना रोजगार मिळवून देण्याचा होता. ज्याला कुणी दारात उभे करीत नव्हते, त्याला तिथे काम, छप्पर आणि सोबत मिळाली. पण त्याच भिंतींनी त्याला गावापासून तोडले. करुणेने बांधलेल्या घराचे कुलूप बाहेरून लागत होते. पुढच्या पिढीने त्या कुलपाचा वापर कसा केला, हे लवकरच दिसले.

९/२६
३० ऑगस्ट १९०९. बुडापेस्टमध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरली होती. तिथे हंगेरीचे ज्यूलियस डोनाथ, नेदरलँड्सचे लुई मुस्केन्स आणि त्यांचे सहकारी एकत्र आले आणि ‘इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी’ स्थापन झाली. ‘एपिलेप्सिया’ हे नियतकालिक त्याच वर्षी निघाले. आजाराने देशांच्या सीमा कधी पाळल्या नव्हत्या, आता त्याचा अभ्यासही सीमा ओलांडणार होता. १९१४ च्या महायुद्धाने मात्र या सहकार्याचा धागा तोडला.

१०/२६
‘लीग अगेन्स्ट’, म्हणजे आजाराविरुद्धचा संघ. नावात शत्रू होता, रुग्ण नव्हता. या संघात वैद्य होते, संशोधक होते, वसाहतींचे संचालक होते. ज्यांना झटके येत, त्यांचा आवाज तिथे नव्हता. त्या काळाच्या रीतीला धरूनच हे होते. पण आजाराविरुद्ध लढणे आणि आजारी माणसाच्या बाजूने उभे राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कळायला अजून अर्धे शतक जायचे होते.

११/२६
१९१२ मध्ये जर्मनीतील तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटल हे झोपेचे औषध झटक्यांवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. स्वस्त, टिकाऊ, दिवसातून एकदा घेता येणारे हे औषध आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही वापरात आहे. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधीच लाखो लोकांचे झटके आटोक्यात आणण्याचे साधन माणसाच्या हाती होते. विसाव्या शतकात या रुग्णांचे जे झाले, त्याचा दोष औषधाच्या अभावावर ढकलता येत नाही.

१२/२६
कारण त्याच वर्षांत सुप्रजननवादाची लाट उठली होती. ‘सदोष’ माणसांनी संतती जन्माला घालू नये, असे प्रतिष्ठित विद्वान सांगत होते. अमेरिकेतील अनेक राज्यांनी अपस्माराच्या रुग्णांना विवाहबंदी केली. १९०७ मध्ये इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, मग इतर राज्येही त्या वाटेने गेली. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक हिच्या नसबंदीला ८ विरुद्ध १ मतांनी मान्यता दिली. ती ज्या संस्थेत डांबलेली होती, तिचे नावच व्हर्जिनियाची ‘अपस्मारी व मंदबुद्धींची वसाहत’ असे होते.

१३/२६
नाझी जर्मनीने १४ जुलै १९३३ रोजी केलेल्या नसबंदी कायद्याच्या यादीत ‘आनुवंशिक अपस्मार’ हे नाव होते. त्या कायद्याखाली वेगवेगळ्या कारणांनी सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली. बेथेलच्या वसाहतीतही ती झाली. पुढे ‘टी ४’ या नावाने रुग्णांच्या हत्येची मोहीम निघाली, तेव्हा तिच्या प्रश्नावलीतही अपस्माराची नोंद होती. बेथेलच्या प्रमुखांनी हत्येला विरोध केला, पण नसबंदी त्यांच्या भिंतींच्या आत घडून गेली होती. आणि फेनोबार्बिटलचा गुण दाखवून देणारे हाउप्टमान? ज्यू असल्यामुळे त्यांनाच देश सोडून अमेरिकेत आसरा घ्यावा लागला.

१४/२६
१९३५ मध्ये इंग्लंडमधील लिंगफील्डच्या वसाहतीत लीग पुन्हा जिवंत झाली. अमेरिकेचे विल्यम लेनॉक्स अध्यक्ष झाले. त्यांचे चरित्र या इतिहासाची गुंतागुंत दाखवते. याच दशकात त्यांनी सुप्रजननवादी विचारांचे जाहीर समर्थन केले होते, आणि रुग्णांच्या बाजूने सामान्य नागरिकांची संघटना उभारायला पुढाकारही त्यांनीच घेतला. रुग्णांचा कैवारी आणि त्यांच्या वंशाचा निवाडा करणारा, दोघेही एकाच माणसात राहत होते. इतिहासात अशी माणसे अपवादाने भेटतात, असे नाही.

१५/२६
त्याच काळात आजार कागदावर दिसू लागला. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख प्रसिद्ध केला. बॉस्टनमध्ये लेनॉक्स आणि गिब्ज दांपत्याने झटक्यांचे आलेख नोंदवले. त्यासाठीचे यंत्र आल्बर्ट ग्रास या तरुण अभियंत्याने बनवले होते. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे नवे औषध आले. आलेखपट्टीवर उमटणाऱ्या त्या तीक्ष्ण रेषांपुढे शाप, पाप आणि बाधा यांचे कोणतेही स्पष्टीकरण टिकणारे नव्हते.

१६/२६
कायद्याने मात्र वेगळी वाट धरली. १९३७ चा ब्रिटिश विवाह कायदा हा खरे तर सुधारणेचा कायदा. लेखक-खासदार ए. पी. हर्बर्ट यांनी घटस्फोटाचे जाचक नियम सैल करण्यासाठी तो आणला. त्याच कायद्यात एक कलम आले : विवाहाच्या वेळी जोडीदार ‘वेडाच्या किंवा अपस्माराच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांनी’ ग्रस्त असेल, तर विवाह रद्द ठरवता येईल. आपल्या दोन शब्दांचा हा जन्म. अपस्माराला वेडाच्या शेजारी बसवणारे हे वाक्य जॅक्सनच्या व्याख्येनंतर ६४ वर्षांनी लिहिले गेले.

१७/२६
दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटू लागले. १९५० मध्ये ‘ब्रिटिश एपिलेप्सी असोसिएशन’ स्थापन झाली. नोकरी, शाळा, विवाह हे तिथले रोजचे प्रश्न होते. इतर देशांतही अशा संघटना उभ्या राहत होत्या. रुग्ण आणि त्यांचे आईवडील प्रथमच स्वतःच्या नावाने बोलू लागले. झटका वर्षातून दोन-चार मिनिटे टिकतो आणि त्यावरून होणारा अपमान वर्षभर पुरतो, हे सांगायला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती.

१८/२६
१९६१ मध्ये रोम येथे या संघटनांना जोडणारी ‘इंटरनॅशनल ब्युरो फॉर एपिलेप्सी’ स्थापन झाली. जुन्या संघाच्या नावात ‘अगेन्स्ट’, नव्या संस्थेच्या नावात ‘फॉर’. या दोन अव्ययांत अर्ध्या शतकाचे अंतर सामावले आहे. ब्रिटिश संघटनेचे जॉर्ज बर्डन तिच्या उभारणीत होते. यंत्र बनवणाऱ्या आल्बर्ट ग्रास यांच्या पत्नी एलेन ग्रास पुढे तिच्या अध्यक्ष झाल्या. वैद्य नसलेली माणसे आता टेबलाच्या त्याच बाजूला बसली. आज तिच्या सदस्य संघटना शंभराहून अधिक देशांत आहेत.

१९/२६
फळे दिसू लागली. १९७१ च्या ‘नलिटी ऑफ मॅरेज’ कायद्याने ब्रिटनमध्ये विवाह रद्द ठरवण्याच्या कारणांतून अपस्मार निघाला. अमेरिकेत या रुग्णांना उपाहारगृहात किंवा नाट्यगृहात प्रवेश नाकारणे १९७० च्या दशकापर्यंत कायदेशीर होते. तेही बदलू लागले. विवाहबंदी उठवणारे तिथले शेवटचे राज्य मिसूरी. साल १९८०. माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर ११ वर्षांनी तिथे फिट येणाऱ्या माणसाला लग्नाचा निर्वेध अधिकार मिळाला.

२०/२६
भारतात १९७० मध्ये ‘इंडियन एपिलेप्सी असोसिएशन’ स्थापन झाली. तिची सुरुवात मुंबईत. के. ई. एम. रुग्णालयात चेताविज्ञानाचा पाया घालणारे डॉ. एडी भरुचा तिचे संस्थापक. आणि १९७६ मध्ये, विवाहविषयक कायद्यांत सुधारणा करताना, हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात नवे कलम आले : वधू किंवा वर यांना ‘वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके’ आलेले नसावेत. १९५५ च्या मूळ कायद्यात अपस्माराचा उल्लेखही नव्हता. ब्रिटनने टाकून दिलेली शब्दरचना भारतीय कायद्यात नव्याने नांदायला आली.

२१/२६
भारतीय कलम मूळ ब्रिटिश कलमाहून कठोर होते. ब्रिटनमध्ये विवाहाच्या वेळी आजार ठाऊक नव्हता, हे दाव्याला यावे लागे आणि दावा एका वर्षाच्या आत करावा लागे. हिंदू विवाह कायद्यातील या कारणाला अशा अटी नव्हत्या. शिवाय शब्दरचना भूतकाळाची होती, म्हणजे पूर्वी कधीतरी येऊन गेलेले झटकेही पुरत. आजार सांगून लग्न केले तरी धोका, लपवून केले तरी धोका. मग घरोघरी काय होणार? मुलीच्या गोळ्या लग्नानंतर कपाटात दडवल्या जात आणि दडवलेली गोळी वेळेवर घेतली जात नाही. कायदा आजाराला रोखत नव्हता, उपचाराला रोखत होता.

२२/२६
वैद्यकाची भूमिका स्पष्ट होती. बहुतेक प्रकारांत आजार पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता कमी, झटके औषधाने आटोक्यात येऊ शकतात, आणि अपस्मार म्हणजे वेड नव्हे. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मार परिषद नवी दिल्लीत भरली. १९९० च्या दशकात भारतीय संघटनेने या कलमाविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. अखेर डिसेंबर १९९९ मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि दोन्ही कायद्यांतून ‘किंवा अपस्मार’ हे शब्द गळाले. तेवीस वर्षे त्यांनी किती संसार मोडले, याची मोजदाद कुठल्याच दप्तरात नाही.

२३/२६
तोवर लढ्याचे क्षेत्र रुंदावले होते. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, लीग आणि ब्युरो यांनी मिळून जिनिव्हात जागतिक मोहीम सुरू केली. तिचे ब्रीद ‘आउट ऑफ द शॅडोज’, म्हणजे काळोखातून बाहेर. मुख्य प्रश्न उपचारातील दरीचा. योग्य औषध मिळाले तर सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. गरीब देशांत तीन चतुर्थांश रुग्णांपर्यंत ते पोहोचतच नाही. चीन, ब्राझील, सेनेगल आणि झिंबाब्वे येथे प्रात्यक्षिक प्रकल्प झाले. चीनच्या खेड्यांत प्रशिक्षित स्थानिक डॉक्टरांनी १९१२ चेच फेनोबार्बिटल दिले आणि ते पुरेसे ठरले.

२४/२६
भारतात कर्नाटकातील येळंदूर भागात डॉ. के. एस. मणी यांच्या चमूने खेड्यात राहून हेच दाखवले : दोन जुनी, स्वस्त औषधे आणि नियमित पाठपुरावा. हा अभ्यास २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पण इथेही एक विरोधाभास होता. फेनोबार्बिटल १९७७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ते नियंत्रित द्रव्यही आहे. अमली पदार्थांचा गैरवापर रोखण्यासाठीच्या परवान्यांत अनेक देशांत रुग्णाची गोळी अडकून पडते.

२५/२६
लढा नावांचाही झाला. मलेशियात या आजाराच्या जुन्या नावाचा अर्थ ‘डुकराचे वेड’ असा होता. ते मागे पडले. दक्षिण कोरियात जुन्या कलंकित शब्दाच्या जागी मेंदूतील विद्युत्‌क्रिया सांगणारा नवा शब्द रूढ केला गेला. मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अपस्मारावर स्वतंत्र ठराव केला आणि त्याच वर्षापासून फेब्रुवारीचा दुसरा सोमवार आंतरराष्ट्रीय अपस्मार दिन झाला. २०२२ मध्ये २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर झाला. त्यातील उद्दिष्ट ९०-८०-७० : ९० टक्के रुग्णांना आपला आजार उपचारयोग्य आहे हे कळावे, ८० टक्क्यांना परवडणारे औषध मिळावे, ७० टक्के उपचार घेणाऱ्यांचे झटके आटोक्यात यावेत. याच आराखड्यात देशांना कायदे तपासून दुरुस्त करण्याचेही लक्ष्य दिले आहे.

२६/२६
कायद्यातून शब्द गळाले, पण स्थळ पाहतानाच्या कुजबुजीतून ते गेलेले नाहीत. रस्त्यात कुणी कोसळले, तर आजही कुणीतरी कांदा किंवा जोडा हुंगवायला धावतो. खरी मदत साधी आहे : कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, घड्याळ पाहावे आणि झटका ५ मिनिटांहून लांबला तर रुग्णालय गाठावे. पुण्यात ‘संवेदना’ हा स्वमदत गट आजार न लपवता जोडीदार शोधणाऱ्यांसाठी विवाह मंडळ चालवतो. ज्या आजाराच्या नावाने कायदा एकेकाळी लग्ने मोडत होता, त्याच आजाराचे नाव उघड सांगून आता तिथे लग्ने जुळतात.